डिंगी टांगायला डेव्हिट: ३४ फुटी बोट, गेटवेसमोरचं मुरिंग (बोट बांधून ठेवायची पाण्यातली कायमची जागा). कोणते घ्यावेत, कसे बसवावेत?

पश्चिमवारा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बोट पावसाळ्यासाठी वर काढलेली आहे, दिवाळीनंतर पाण्यात उतरवायची. त्याआधी एक काम उरकायचं ठरवलंय. पिछाडीला डेव्हिट, म्हणजे डिंगी (किनाऱ्याला ये-जा करायची छोटी होडी) टांगायचे दोन हात, बसवायचे; मग ती मागे ओढत न्यायची वेळ येणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत मुरुडला चाललो होतो, सुमारे ४० सागरी मैल. खांदेरी मागे पडेपर्यंत सगळं छान होतं. दुपारी वायव्येचा वारा चढला, लाटा पाठीमागून यायला लागल्या आणि रेवदंड्याच्या बाहेर डिंगी प्रत्येक लाटेवरून घसरत थेट आमच्या अंगावर यायला लागली. दोरी लांब सोडली की झटके, आखूड केली की ठोकर. एकदा तर दोरी सैल पडून सुकाणूखाली गेली. इंजिन चालू असतं तर पंख्यातच गुंडाळली असती. टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) माझी मुलगी होती, ती चांगलीच घाबरली. रात्री जंजिऱ्याजवळ नांगर टाकला तेव्हाच ठरवलं की हे पुन्हा करायचं नाही.

बोट १९८० च्या दशकातली, फायबरची. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, वरच्या बाजूला २.१ मीटर रुंद. डिंगी २.७ मीटर, फुगवायची, पण तळ अ‍ॅल्युमिनियमचा. वजन ४२ किलो. इंजिन अडीच हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, १७ किलो. वल्ही, छोटा नांगर, दोर मिळून आणखी ५-६ किलो धरा.

एक फॅब्रिकेटर दीड इंची स्टेनलेस पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा, वाकवून हात करून देतो म्हणालाय. दुसरा पर्याय म्हणजे बाहेरून रेडीमेड अ‍ॅल्युमिनियमचे मागवायचे. तुम्ही काय केलंत? काय कराल?

रेवस_तांडेल | १० ऑक्टोबर, सकाळी ६:३५

दादा, पहिलं विचारतो. ही डिंगी तुम्ही कुठे कुठे टांगून नेणार? मांडवा, घारापुरी, फार तर मुरुड, एवढंच असेल तर डेव्हिट ठीक. रत्नागिरी, मालवण, गोवा डोक्यात असेल तर डिंगी पुढच्या डेकवर उलटी घालून बांधायची, नाहीतर हवा काढून गुंडाळायची. आमच्याकडे गलबताबरोबर होडकं असायचं, लांबच्या फेरीला ते डेकवर चढवून पालथंच घालायचे. पाठीमागून लाट चढली की टांगलेल्या होडीत पाणी भरतं, मग ती होडी राहत नाही, पाण्याची टाकी होते.

आणि मागचा पांढरा दिवा कुठे आहे तुमचा? पुशपिटवर, म्हणजे पिछाडीच्या कठड्यावर, असेल तर डिंगीमागे झाकला जाईल. रात्री ट्रॉलरवाला मागून येतो, त्याला तुमची बोट दिसायची कशी?

पश्चिमवारा | १० ऑक्टोबर, सकाळी ९:०५

तांडेलकाका, दिव्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पुशपिटवरच आहे. फेऱ्या बहुतेक मांडवा ते मुरुड एवढ्यातच. वर्षातून एकदा रत्नागिरीला जायची इच्छा आहे.

ओळंबा | १० ऑक्टोबर, रात्री ११:४८

मी पुलांची गणितं करतो, बोटीवर हौशी क्रू म्हणून जातो. दीड इंची पाइपचं वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं कोरडं वजन ६५ किलो. दोन हातांत वाटलं तर प्रत्येकी ३२.५. डिंगी ट्रान्समपासून पुरेशी लांब टांगायची तर हाताचं आडवं अंतर १.१ मीटर तरी लागेल. बोट डुलते तेव्हा भार नुसता वजनाएवढा राहत नाही, झटका बसतो. मी तिप्पट धरतो. म्हणजे एका हाताच्या टोकाला ९७.५ किलो, आणि मुळाशी वाकवणारा जोर १०७ किलोग्रॅम-मीटर.

आता पाइप बघा. दीड इंच बाहेरचा व्यास, २ मिलिमीटर जाडी. या जोराखाली त्यात साधारण ५४० मेगापास्कल ताण येतो. ३१६ स्टेनलेस २०५ च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे अडीच पटींहून जास्त. दोन इंची, ३ मिलिमीटर जाडीचा घेतला तर ताण २०६, म्हणजे अगदी काठावर. तोही नुसता पुरत नाही.

आणि हे कोरड्या डिंगीचं झालं. तुमच्या डिंगीचा आतला तळ अंदाजे १.८ बाय ०.६५ मीटर असेल. त्यात एक सेंटिमीटर पाणी साचलं तर जवळजवळ १२ लिटर. दहा सेंटिमीटरला सुमारे ११७ लिटर. डिंगी ६५ ची १८० किलोची झाली, तीही बोट अजिबात न हलता. मुंबईत एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस पडणं काही नवल नाही.

आता डेकचं. हाताचा पाया डेकवर बोल्टने बसवलात आणि पुढचे-मागचे बोल्ट १५ सेंटिमीटर अंतरावर असले, तर पुढच्या दोन बोल्टांवर मिळून सातशे किलोच्या वर ओढ येते, वरच्या दिशेला. १० मिलिमीटरचे बोल्ट ती सहज सोसतील. डेक सोसेल का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून पाइप कोणता यापेक्षा आधी हे सांगा: पाया जिथे येणार तिथे डेकखाली काय आहे? भरीव फायबर, प्लायवूड, की बाल्सा (फायबरच्या दोन थरांमधलं हलकं लाकूड)?

मांडव्याची_वाट | ११ ऑक्टोबर, दुपारी १:२०

ओळंबा यांचं पाण्याचं गणित मी भोगलंय. ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस संपला असं धरून, डिंगी टांगून मुरिंगवर सोडून आले. बूच काढायचं राहिलं. दोन दिवसांनी वादळी सर आली. तिसऱ्या दिवशी गेले तर उजवा हात चार बोटं खाली वाकलेला, डिंगीत घोट्याच्या वर पाणी, आणि डेकवर पायाभोवती जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, केसासारख्या चिरा. हात नवा केला, ते सोपं होतं. डेक उघडून दुरुस्त करायला अख्खा हंगाम गेला.

तेव्हापासून आमच्याकडे एकच पद्धत. बुचाला पिवळी रिबन बांधली आहे. डिंगी वर गेली की बूच काढून केबिनमध्ये, चार्ट टेबलच्या वरच्या हुकावर. रिबन हुकावर दिसली नाही तर कुणीही किनाऱ्याला जायचं नाही. टांगताना नाळेकडची (पुढची) बाजू जरा वर ठेवायची, म्हणजे पाणी बुचाकडे आपसूक जातं.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. गेटवेसमोर डेव्हिटला सगळ्यात जास्त त्रास प्रवासात होत नाही, मुरिंगवर उभं असताना होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच जातात, प्रत्येकीच्या लाटेने बोट कुशीवर डुलते आणि टांगलेली डिंगी झोपाळ्यासारखी आडवी झोके घेते. दिवसाला शेकडो झोके. वेल्ड तिथेच थकतो. दोन पट्टे पोटाखालून घट्ट आणि दोन दोऱ्या तिरक्या, एकमेकींना छेद देणाऱ्या, डिंगीच्या कोपऱ्यांपासून उलट बाजूच्या हाताच्या मुळाशी. डिंगी आणि बोट एकच वस्तू असल्यासारखी हलली पाहिजे.

गुलालवाडी_पाइप | ११ ऑक्टोबर, रात्री ८:३०

पाइपच्या बाजारात २२ वर्षं काढली, म्हणून मटेरियलपुरतं बोलतो.

फॅब्रिकेटरने "स्टेनलेस" म्हटलं की विचारा कोणतं. बिल्डिंगच्या रेलिंगला २०२ जातं, ते खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबूस होतं. ३०४ जिन्याला ठीक, समुद्रावर तपकिरी डाग आणि मग बारीक खड्डे. तुम्हाला ३१६ एल लागेल. एल म्हणजे कार्बन कमी, वेल्ड केल्यावर जोडाजवळ गंज धरण्याचा धोका कमी. लोहचुंबक लावून काही कळत नाही, तिन्ही जवळपास सारखेच वागतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम दोन ते तीन टक्के असतं, त्याच्या चाचणीचे थेंब मिळतात, रंग बदलतो की नाही ते समोर बघा. नाहीतर मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा दाखला) मागा आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या ओतीचा नंबर) पाइपवरच्या नंबराशी जुळवा. सर्टिफिकेटची झेरॉक्स कुणाकडेही असते, नंबर जुळला पाहिजे.

वेल्डिंग आर्गॉनचंच. जोडाच्या आतूनही गॅस सोडायला सांगा, नाहीतर आतून काळं पडतं आणि तिथून सुरुवात होते. नंतर पिकलिंग पेस्ट (वेल्डचे डाग काढणारी आम्लाची पेस्ट) लावून जोड स्वच्छ करून घ्या, मग बफिंग. कारागीर बफिंगने चकाकी आणतो आणि पेस्ट वगळतो, कारण गिऱ्हाईक चकाकी बघतं. पाइपला खालच्या टोकाशी निचऱ्याचं भोक हवंच.

पश्चिमवारा | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मागच्या लॉकरमध्ये अर्धा शिरून टॉर्चने बघितलं. बाल्सा. वरून ठोकलं तर डाव्या बाजूला आवाज भरीव, उजव्या बाजूला एका जागी बद्द. म्हणजे पाणी शिरलेलं असणार.

रेडीमेड अ‍ॅल्युमिनियमबद्दल कुणी काही बोललं नाही. कॅटलॉगमध्ये क्षमता १०० किलो लिहिली आहे.

ओळंबा | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

तो आकडा जोडीचा की एका हाताचा, ते नीट वाचा. आणि त्यात झटका धरलाय का, तेही. माल चांगला असतो, हलकाही. पण तो तयार होतो कुठल्यातरी सरासरी ट्रान्समसाठी. तुमचा ट्रान्सम अरुंद आणि तिरका, पाया बसवायला पाचर घालावीच लागेल. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या पायात स्टेनलेसचे बोल्ट आणि वर खारं पाणी, तिथे अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी पडते. नायलॉनचे वॉशर, बोल्टभोवती नळी आणि अलग ठेवणारी पेस्ट लागेल. तुमच्या जागी मी स्टीलमध्येच करून घेईन, कारण तुम्हाला खालून टेकू द्यायचा आहे आणि तो मापानेच करावा लागेल.

टेकू असा. हात डेकवरून मागे तिरपा वर जाऊ दे, टोकाला अर्धा मीटर वर. मुळापासून ६५ सेंटिमीटरवर, हाताच्या खालून एक पाइप निघून ट्रान्समवर डेकच्या ५५ सेंटिमीटर खाली टेकवा. आता तोच ९७.५ किलोचा भार धरा. टेकूच्या पलीकडे हात फक्त ४५ सेंटिमीटर उरतो, दोन इंची पाइपमधला ताण २०६ वरून ८५ च्या आसपास उतरतो. डेकवरच्या पायाची वरची ओढ सातशेवरून दीडशे-एकशे साठवर येते, शिवाय जवळपास दोनशे किलोची मागच्या दिशेची ओढ. टेकूत ३२० किलोचा दाब. त्यामुळे ट्रान्समवर सुमारे दोनशेचा रेटा पुढे आणि सुमारे अडीचशेचा खाली. तुमच्या बोटीचा ट्रान्सम भरीव असेल तर आतून प्लेट देऊन हे तो सोसेल. टेकू तिथे पाण्याच्या वर आहे ना, ते मात्र बोट भरलेली असताना बघा.

मांडव्याची_वाट | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

बाल्सा उघडा, टाळू नका. वरची फायबरची कातडी न कापता खालून करता आलं तर डेकचा चेहरा शाबूत राहतो. पायापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त बाल्सा खरवडून काढा, ओला भाग संपेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. ऑक्टोबरच्या उन्हात आठवडा लागतो, घाई केली तर ओल आत कोंडते. मग दाट केलेलं इपॉक्सी भरायचं, एका वेळी थोडं थोडं, नाहीतर तापतं. त्यावर खालून १० मिलिमीटरची फायबर शीटची बॅकिंग प्लेट. बोल्टच्या भोकांना वर किंचित खोलगट करा म्हणजे सीलंटची कडी बसेल. सिलिकॉन वापरू नका. पॉलीसल्फाइड किंवा ब्युटाइल.

नवखा_नाखवा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

मध्येच विचारतो, माफ करा. माझी ३१ फुटी आहे. डेव्हिटऐवजी कमान करून वर सोलर पॅनेल आणि खाली डिंगी असं चालेल का?

ओळंबा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

चालतं, आणि चार पाय असल्यामुळे डेकवर भार पसरतो. पण ३१ फुटीच्या पिछाडीला कमान, पॅनेल, डिंगी मिळून दीडशे किलो बाहेर टांगलंत तर बोट मागे बसते आणि वाऱ्याला अडणारा पसाराही वाढतो. आधी बोट पाण्यात असताना दोन धडधाकट मित्रांना पिछाडीच्या काठावर उभं करा आणि पाण्याची रेघ कुठवर चढते ते बघा. त्यावरून ठरवा.

पश्चिमवारा | २ नोव्हेंबर, रात्री १०:३०

तीन आठवड्यांचा हिशेब देतो.

उजव्या बाजूचा बाल्सा चहाच्या चोथ्यासारखा निघाला. जुन्या क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) बोल्टमधून वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं. डेव्हिटचा विषय निघाला नसता तर तो क्लीट एक दिवस मुरिंगच्या दोरासकट उपटला असता. दोन्ही बाजू खालून उघडल्या, वाळवल्या, इपॉक्सी भरलं. नऊ दिवस मी आणि मुलगी आळीपाळीने लॉकरमध्ये.

पाइप कीका स्ट्रीटवरून स्वतः आणला, दोन इंची, ३ मिलिमीटर, ३१६ एल, हीट नंबर जुळवून. थेंबांची चाचणी दुकानदारासमोर केली, त्याने उलट कौतुकच केलं. वाकवणं आणि आर्गॉन वेल्डिंग रे रोडच्या बाजूला करून घेतलं. पहिल्या कारागिराने खालचा टेकू "दिसायला बरा नाही" म्हणून परस्पर गाळला होता. परत नेऊन करून घेतला.

मग ओळंबा यांनी फोनवर सांगितली तशी परीक्षा. २० लिटरच्या पाण्याच्या बाटल्या, पाच एका हाताला, म्हणजे शंभर किलो. टोकापासून ओळंबा सोडला, खाली जमिनीवर खडूची खूण. पहिल्या दिवशी मुद्दाम टेकूचे बोल्ट न लावता भार दिला, अर्ध्यावर, तीन बाटल्या. टोक ११ मिलिमीटर खाली आलं आणि डेकवर कान लावला तर कुरकुर ऐकू आली. लगेच उतरवलं. दुसऱ्या दिवशी टेकू लावून पाचच्या पाच बाटल्या, रात्रभर. टोक ४ मिलिमीटर खाली, आवाज नाही, आणि सकाळी बाटल्या काढल्यावर ओळंब्याचं टोक पुन्हा खुणेवर. मी तिथेच बसून राहिलो थोडा वेळ. फार बरं वाटलं.

मागचा दिवा उजव्या हाताच्या टोकाला नेला, डिंगीच्या बाहेर. मागे ज्या १३५ अंशांत तो दिसायला हवा त्यात कुठेही अडत नाही हे रात्री यार्डात चालत फिरून दोन्ही बाजूंनी तपासलं.

रेवस_तांडेल | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

हे चांगलं केलंत. वायर हाताच्या आतून नेली असेल तर भोकाला रबर लावा, कापते. कप्प्या कुठल्या घेतल्या?

पश्चिमवारा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

रबर आहे काका. नागदेवीला बघितल्या, पण त्या जास्त करून गोदामातल्या कामाच्या, लोखंडी पिन. शेवटी बोटीवरच्याच जुन्या मेनशीटच्या (मुख्य शिडाच्या दोराच्या) कप्प्या एका बाजूला आणि तशाच दुसऱ्या बाजूला घेतल्या. चारास एक, म्हणजे चौथाईच जोर लागतो. १० मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोर. इंजिन काढलं की मुलगी एकटी उचलते, एकदा पुढची बाजू, एकदा मागची, थोडं थोडं. कॅम क्लीटवर (दोर दातांत पकडणाऱ्या चापावर) भरवसा ठेवला नाही, वर गेल्यावर दोर साध्या शिंगाच्या क्लीटला. आणि डिंगीत माणूस असताना उचलायची नाही, हा नियम.

मांडव्याची_वाट | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

इंजिन काढूनच टांगायचं, हे जवळच्या फेरीलाही पाळा. १७ किलो एका टोकाला लोंबत असले की तिरक्या दोऱ्या सैल पडतात. इंजिन पुशपिटच्या लाकडी फळीवर आणि कुलूप. चोऱ्या वाढल्या आहेत.

पश्चिमवारा | १ डिसेंबर, रात्री ९:१५

मुरुड करून आलो.

जाताना तोच वारा, तीच वेळ. कोरलईच्या बाहेर लाटा पाठीमागून साधारण दीड मीटर. डिंगी वर, इंजिन पुशपिटवर, पट्टे घट्ट. तासभर मी मागेच बघत होतो, पुढे बघायचं काम मुलीने केलं. एकच लाट डिंगीच्या तळाला चाटून गेली, तेवढ्यात बोटीच्या मागच्या बाजूला ढकलल्यासारखं जाणवलं. आणखी अर्धा मीटर मोठ्या लाटा असत्या तर मी डिंगी उतरवून पुढे डेकवर घेतली असती, आणि तेही बंदरातून निघायच्या आधी, बाहेर आल्यावर नाही. तांडेलकाकांचं म्हणणं आता नीट समजलं. रत्नागिरीला जाईन तेव्हा ती हवा काढून पुढेच जाईल.

येताना वाऱ्यावर तोंड, पहाटे मतलई वाऱ्यात निघालो म्हणून दुपारपर्यंत चौलच्या पुढे. बोट आपटत होती पण डिंगी हलली नाही. परतल्यावर सगळे बोल्ट पाना लावून बघितले. डाव्या टेकूचा एक बोल्ट पाव फेरा सैल. तो काढला, सीलंट नवीन, सहजी सैल न होणारा नायलॉक नट.

एक चूक झाली ती सांगतो. पट्टा डिंगीच्या रबरी नळीवर जिथे टेकतो तिथे दोन दिवसांत घासून पांढरा डाग पडला. आता तिथे जुन्या फायर होजचा तुकडा घातलाय. पहिल्या दिवसापासून घाला.

नवखा_नाखवा | १ डिसेंबर, रात्री १०:०५

दादा, अभिनंदन. मी मित्रांना पिछाडीवर उभं करून बघितलं, पाण्याची रेघ चार सेंटिमीटर चढली. कमान सोडून दिली. तुमच्यासारखे हात करावेत असं वाटतंय, पण माझा ट्रान्सम १.८ मीटरच आहे आणि विंडव्हेन (वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) आधीच मध्ये बसवलेलं आहे. जमेल का, कळत नाही.

पश्चिमवारा | १ डिसेंबर, रात्री १०:२२

विंडव्हेनचं पातं डिंगीला लागेल की नाही, हे इथे लिहून सांगता येणार नाही, बघावं लागेल. मी रविवारी बोटीवर आहेच. सकाळी गेटवेला भेटा, माझ्या डिंगीतून तुमच्या मुरिंगवर जाऊ आणि मापं घेऊ. ओळंबा, तुम्हालाही जमत असेल तर या. पाच मीटरचा टेप आणि खडू मी आणतो. लॉकर तेवढा रिकामा करून ठेवा, आतून बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही.

ओळंबा | १ डिसेंबर, रात्री १०:४०

येतो. ठोकून बघायला छोटी हातोडी आणतो.